जवसाची चटणी पोटात गेल्यावर पुढं काय होते

घोड्याच्या लघवीपासून सुरुवात करतो. नाक मुरडू नका, माझा धंदाच तो आहे, म्हणजे घोड्याच्या नाही, माणसांच्या. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून तालुक्याच्या गावी एका लॅबमधे बसतो, सकाळी शटर वर केलं की डब्या येणं सुरू होते, रक्त, लघवी, संडास, बेडका, जे येईल ते. तर 1829 साली लीबिग नावाच्या जर्मन केमिस्टनं घोड्याच्या लघवीतून एक ऍसिड वेगळं काढून दाखवलं, त्याला हिप्युरिक ऍसिड म्हणतात. घोडा दिवसभर खाते काय, तर गवत न पाला, आणि पाल्यात हे ऍसिड तसंच्या तसं पडलेलं नसते, मग लघवीत येते कुठून? आज याचं उत्तर माहीत आहे. झाडपाल्यात पॉलिफेनॉल नावाची रसायनं असतात, तुरट, कडसर, रंग देणारी, हजारो प्रकारची, ती आतड्यातले बॅक्टेरिया तोडतात, तोडत तोडत शेवटी बेंझोइक ऍसिडसारखा बारका तुकडा उरते, तो रक्तातून लिव्हरमधे जाते, लिव्हर त्याला ग्लायसिन नावाचं अमिनो ऍसिड चिकटवते आणि किडनी त्याला बाहेरचा रस्ता दाखवते. माणसातही हेच. दिवसाला चार-पाच कप चहा मारणाऱ्या माणसाच्या लघवीत हिप्युरिक ऍसिड चांगलं वाढलेलं सापडते.

आमच्याकडे ही टेस्ट होत नाही, पण ती आहे, आणि तिची गंमत ऐका. पेंट, थिनर, गोंदाच्या कारखान्यात टोल्यूइनच्या वाफेत काम करणाऱ्या लोकांची लघवी हिप्युरिक ऍसिडसाठी तपासतात, कारण टोल्यूइनही शरीरात फिरून शेवटी हेच होते. पण चहा, फळं, सॉस न कोल्ड्रिंकमधलं सोडियम बेंझोएट, सगळ्यांचा रस्ता तिथंच येऊन मिळते, त्यामुळे वाफ थोडी असली तर ही टेस्ट भरवशाची राहत नाही, माणूस कारखान्यात काय हुंगून आला का कँटीनमधे चहा पिऊन आला, लघवी सांगत नाही.

आता मुद्द्यावर येतो. गावातल्या एक काकू शुगर चेक करायला येतात, त्यांनी मोबाईलवर जवसाचा कोणतातरी फॉरवर्ड पाहिला होता, जवस खाल्लं की बीपी गायब, शुगर गायब, गुडघे गायब (म्हणजे गुडघेदुखी). मला विचारतात, "भाऊ, मी त रोज सकाळी दोन चमचे जवस फाकून राहिली पाण्यासंग, मंग मले काईच फरक काऊन नाई पडून राहिला?" आता फरक पडणं न पडणं डॉक्टरांनी सांगावं, मी रिपोर्ट छापणारा माणूस. पण जवस आतमधे जाऊन काय होते हे विचारलं असेल तर ते मला सांगता येते, आणि ते सांगता सांगता त्या दिवशी मागं लाईन लागली, म्हणून इथं सविस्तर लिहून राहिलो.

पहिली गोष्ट एकदम साधी. जवसाचं टरफल गुळगुळीत न चिवट, दाणा न चावता गिळला तर बराचसा जसा गेला तसाच बाहेर येते. हे मी पुस्तकात वाचून नाही सांगत, स्टूलच्या डबीत सबंध, चकाकते तपकिरी जवसाचे दाणे मी पाहतो, लेन्सची पण गरज नाही. यावर रीतसर अभ्यास पण झालेला आहे, तेच लोक, तेवढंच जवस, एकदा सबंध, एकदा भरडून, एकदा दळून, तर सबंध दाण्यातून जवसाचं कामाचं रसायन रक्तात सगळ्यात कमी पोचलं आणि दळलेल्यातून सगळ्यात जास्त. आपल्या आज्या जवस तव्यावर तडतडू देऊन लाल मिरची, लसूण, जिरं, मीठ टाकून उखळात कुटत होत्या, त्यात हे काम आपोआप होऊन जात होतं. भाजल्यानं सगळं मरते का असं विचारतात लोक, तर जवसातले लिग्नॅन उष्णतेला बऱ्यापैकी टिकतात, जाळून काळंच केलं तर गोष्ट वेगळी.

हो, लिग्नॅन. हे पण पॉलिफेनॉलच्याच खानदानातले, आणि आपल्या खाण्यातल्या वस्तूंमधे जवसाइतके लिग्नॅन दुसऱ्या कशातच नाहीत, तीळ त्याच्यामागं. जवसात जे मुख्य आहे त्याचं नाव सेकोआयसोलॅरिसिरेसिनॉल डायग्लुकोसाइड, एकदा लिहिलं तेवढं बस झालं. हे आपलं शरीर स्वतःहून काही करू शकत नाही. ते मोठ्या आतड्यात पोचते, तिथं एक बॅक्टेरिया त्याला चिकटलेली साखर काढते, दुसरा त्याचे मिथाइलचे गट सोलते, तिसरा हायड्रॉक्सिल काढते, मग तयार होते एंटेरोडायॉल, आणि चौथा कोणी त्याचं एंटेरोलॅक्टोन करते, जे रक्तात शिरते. कापूस वेचणारी वेगळी, जिनिंगमधे सरकी काढणारा वेगळा, सूत कातणारा वेगळा, यातला एक जरी त्या दिवशी आला नाही तर कापड नाही, तसंच हे. एकटा बॅक्टेरिया अथपासून इतिपर्यंत सगळं करत नाही. आणि हे बॅक्टेरियाच करतात याचा पुरावा पण सरळ आहे, पोटात एकही जंतू नाही असे उंदीर लॅबमधे वाढवतात, त्यांना जवस चारलं तर त्यांच्या अंगात एंटेरोलॅक्टोन बनतच नाही.

मग काकूंच्या पोटात बनून राहिलं का नाही? हे काकूंना पण माहीत नाही, मला पण नाही. एकाच चुलीवरची, एकाच ताटातली चटणी खाल्ली तरी दोघा जणांच्या रक्तातल्या एंटेरोलॅक्टोनमधे कितीतरी पट फरक सापडते. त्या फॉरवर्डमधे हेच लिहिलेलं नसते.

इथं एक गोष्ट समजून घ्या, सगळेच पॉलिफेनॉल मोठ्या आतड्यापर्यंत जात नाहीत. कोण कुठं थांबेल हे त्याला कोणती साखर चिकटली आहे त्यावर ठरते. कांदा घ्या. भाकर, झुणका न फोडलेला कांदा. कांद्यात क्वेर्सेटिन असते, त्याला ग्लुकोज चिकटलेलं, आणि छोट्या आतड्याच्या भिंतीवर जे लॅक्टेज एन्झाइम आहे, दुधातली साखर तोडणारं, तेच हे ग्लुकोज पण काढून टाकते, त्यामुळे कांद्याचं क्वेर्सेटिन तासाभरात रक्तात. आता आमचा संत्रा घ्या. वरुड-मोर्शी पट्ट्यात राहून संत्र्याचं नाव नाही घेतलं तर लोक मारतील. संत्र्याची साल काढली की फोडींवर जे पांढरे धागे राहतात, शहरातली लेकरं जे नखानं एक एक काढत बसतात, त्यात हेस्पेरिडिन असते, 1828 मधेच संत्रावर्गीय फळाच्या सालीखालच्या पांढऱ्या थरातून लोकांनी हे काढलं होतं. याला जी साखर चिकटली आहे तिच्यात ऱ्हॅम्नोज असते, आणि ऱ्हॅम्नोज तोडायचं हत्यार माणसाच्या आतड्याजवळ नाहीच. मग ते तसंच पुढं सरकते, मोठ्या आतड्यातल्या बॅक्टेरियाजवळ ते हत्यार आहे, ते साखर तोडतात, तेव्हा कुठं ते रक्तात शिरते. सकाळी दहाला वावरात बांधावर बसून संत्रा सोलला तर त्याचं हेस्पेरिडिन दुपारी चार-पाचला रक्तात चढते, तोवर माणूस दुसरा संत्रा खाऊन विसरूनही गेलेला असते. ठोक हिशेब असा सांगतात की खाल्लेल्या पॉलिफेनॉलपैकी पाच ते दहा टक्केच छोट्या आतड्यात शोषले जातात, बाकी सगळा माल खाली मोठ्या आतड्यात.

वांगं पण याच गटात. वांगं चिरून ठेवलं की काळं पडते, म्हणून आई चिरल्या चिरल्या मिठाच्या पाण्यात टाकते, ते काळं पडणं म्हणजे त्यातल्या क्लोरोजेनिक ऍसिडचा हवेशी लागलेला संबंध. कॉफीत पण तेच. हिवाळ्यात वावरात तुराट्या पेटवून त्यावर वांगे भाजतात, भरताचे मोठे, वरून काळे ठिक्कर, साल काढली की आतून धूर न वाफ सोबतच निघते, वर कच्चा कांदा, पातीचा असला तर भल्लीच मजा, हिरवी मिरची, शेंगदाणे, कच्चं तेल. हे भरीत खाऊन माणूस दुपारी आडवा होते आणि तिकडे खाली बॅक्टेरिया कामाला लागतात, क्लोरोजेनिक ऍसिडचे दोन तुकडे होतात, कॅफेइक ऍसिड न क्विनिक ऍसिड, कॅफेइकचं अजून बारीक होते, आणि शेवटी काय? तेच घोड्याचं हिप्युरिक. म्हणजे वांगं असो, चहा असो, कडबा असो, शेवटच्या स्टेशनावर बरेच जण एकाच डब्यातून उतरतात.

एक विषय सोडून सांगतो, कारण रोज समोर दिसते. हिमोग्लोबिन आठ, साडेआठ, बायांचे हे रिपोर्ट आमच्याकडे ढिगानं निघतात. आयर्नची गोळी लिहून देतात, आणि बाई ती गोळी चहासोबत घेते. चहातले टॅनिन पण पॉलिफेनॉलच, पण ते मोठ्या आतड्यात जायच्या आधी वरच आयर्नला धरून बसतात, मग ते आयर्न शोषलं जात नाही. जेवल्याबरोबर चहा प्यायची जी आमच्याकडे सवय आहे तिचं पण हेच. तास-दोन तासांचं अंतर ठेवा, एवढंच. लिंबू चालते, उलट फायदाच करते.

आता सोयाबीन. विदर्भात सोयाबीनवर ज्यानं ज्यानं पैसा पाहिला आणि गमावला त्यांची संख्या मोजायची सोय नाही, पण खाणारे किती? पिकवतो आम्ही, विकतो आम्ही, ताटात येते ते फक्त तेल, आणि सोयाबीनचे आयसोफ्लेवोन, म्हणजे त्यातले पॉलिफेनॉल, तेलात जवळपास येतच नाहीत, ते पेंडीत राहतात, पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात. घरी गव्हात मूठभर सोयाबीन टाकून दळणारे किंवा सोयावडी खाणारे असतील तर त्यांच्या पोटात डेडझीन नावाचं आयसोफ्लेवोन जाते, आणि काही ठराविक बॅक्टेरिया असले तर त्याचं इक्वॉल बनते. इक्वॉल पहिल्यांदा सापडलं 1932 मधे, गाभण घोडीच्या लघवीत, परत घोडा! हे इक्वॉल बायांच्या इस्ट्रोजेन हार्मोनसारखं थोडं थोडं वागते. किती थोडं ते पहायचं असेल तर मेंढ्यांना विचारा. 1940 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात मेंढ्या गाभणच राहीनात, शोधता शोधता कळलं की त्या ज्या क्लोव्हर जातीच्या गवतावर चरून राहिल्या होत्या त्यातल्या एका द्रव्याचं त्यांच्या पोटातले जंतू इक्वॉल बनवत होते, आणि ते एवढं की पाळणाच बंद. माणूस दोन सोयावड्या खाऊन तिथवर पोचत नाही, घाबरू नका, हे मुद्दाम लिहितो कारण सोयाबीन खाल्लं की पुरुषाचं अमकं होते असाही एक फॉरवर्ड फिरून राहिला आहे. पण इक्वॉल बनवणारे पोटं सगळ्यांची नसतात, युरोप-अमेरिकेत पंचवीस-तीस टक्के लोक बनवतात, जपान-कोरियाकडे पन्नास-साठ टक्के. म्हणून सोयाबीनवरच्या अभ्यासात एकात फायदा दिसते, दुसऱ्यात ठणठणपाळ.

डाळिंब, आवळा, मेळघाटातून येणारा हिरडा, यात एलाजिटॅनिन असतात, त्यांचंही असंच, बॅक्टेरिया त्याचे युरोलिथिन बनवतात. स्पेनमधल्या मुर्सिया गावच्या संशोधकांनी यावरून माणसांचे तीन गट पाडले, एक युरोलिथिन ए बनवणारे, दुसरे ए सोबत अजून दोन प्रकार बनवणारे, तिसरे काहीच न बनवणारे. आता युरोलिथिनच्या तयार गोळ्या पण विकून राहिले बाहेरच्या देशात, म्हणजे बॅक्टेरियाची मजुरी वाचवली.

हळदीचं मात्र मला विशेष वाटलं. वर्ध्याकडच्या वायगावच्या हळदीला जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाचा सरकारी शिक्का, मिळालेला आहे, कर्क्युमिन (हळदीला पिवळा रंग देणारं पॉलिफेनॉल) भरपूर म्हणून तिचं नाव. पण कर्क्युमिन शोषलं जायच्या बाबतीत अगदीच ढ, रक्तात नावापुरतं. ते पडून राहते आतड्यात, आणि 2011 मधे जपानी लोकांनी दाखवलं की माणसाच्या आतड्यातला ई. कोलाय नावाचा बॅक्टेरिया त्याला धरून त्याचं टेट्राहायड्रोकर्क्युमिन करते, त्यासाठीचं वेगळं एन्झाइमच आहे त्याच्याजवळ. आता ई. कोलाय म्हणजे आमच्या लॅबमधला रोजचा गुन्हेगार, लघवीच्या कल्चरमधे सगळ्यात जास्त तोच उगवते, त्याच्या नावानं आम्ही रिपोर्ट छापतो, आणि तोच स्वतःच्या घरी, आतड्यात, हळदीवर बसून काम करून राहिला आहे. जागा सोडून गेला की रोग, जागेवर असला की कामाचा.

हे सगळं वाचल्यावर ते अँटीऑक्सिडंटचं पालुपद डोक्यात जाते. अमुक फळात इतके अँटीऑक्सिडंट, तमुक ज्यूसमधे त्याच्या दहा पट. ते आकडे परीक्षानळीतले, फळाचा रस काचेत टाकून मोजलेले. पोटात गेल्यावर ते द्रव्य त्या रूपात राहतच नाही, त्याचे तुकडे होतात, लिव्हर त्याला सल्फेट न ग्लुकुरोनाइड लावते, त्यातलं काही पित्तातून परत आतड्यात येते, तिथं बॅक्टेरिया परत सोडवतात, परत रक्तात, असा फेरा चालते. अमेरिकेच्या कृषी खात्यानं असल्या आकड्यांची मोठी यादी वेबसाईटवर ठेवली होती, 2012 मधे काढून टाकली, कारण कंपन्या तिचा वापर नुसती जाहिरात करायला करत होत्या. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी डबे विकणाऱ्यांपर्यंत ही बातमी अजून पोचली नाही वाटते.

आणि ज्या गोष्टीनं खरा फरक पडते तिची जाहिरात कोणीच करत नाही, ती म्हणजे अँटिबायोटिक. फिनलंडमधे लोकांच्या रक्तातलं एंटेरोलॅक्टोन मोजलं, तिकडे राय नावाच्या धान्याचे काळे पाव खातात, त्यातून लिग्नॅन मिळतात, तर ज्यांनी अँटिबायोटिक घेतले होते त्यांच्यात ते कमी निघालं, आणि कोर्स संपून कित्येक महिने झाले तरी कमीच. आता आमच्या गावाकडची तऱ्हा पहा. ताप आला, दोन गोळ्या. सर्दी झाली, तीच गोळी. पावसाळ्यात एक जण सॅम्पल द्यायला आला, खिशातून पट्टी काढून दाखवते, चार गोळ्या खाल्ल्या, दोन शिल्लक, म्हणे, "बरं वाटलं त ठेवून देल्या, पुढच्या वक्ताले कामी येतीन." दुकानातून चिठ्ठी नसताना मिळालेली पट्टी. दुकान कोणतं ते लिहीत नाही, कोणतंही समजा, एक नाही दोन नाही. गरज असली तर अँटिबायोटिक घ्यावंच लागते, पूर्ण घ्यावं, जीव वाचते त्यानं, युरिन इन्फेक्शनमधे मी रोज पाहतो. पण व्हायरल सर्दीवर घेतलेल्या गोळीनं सर्दीचं काही बिघडत नाही, बिघडते ते खाली आतड्यातल्या त्या मजुरांचं, बॅक्टेरियांचं.

काकूंना मी शेवटी एवढंच सांगितलं की सबंध फाकू नका, भाजून कुटून खा, थोडं थोडं कुटा कारण कुटलेल्या जवसाचं तेल हवेनं लवकर खवट होते, पाणी भरपूर प्या नाही तर पोट गच्च होईल, आणि शुगरची गोळी बंद करू नका. एंटेरोलॅक्टोन जास्त असलेल्या लोकांमधे काही रोग कमी दिसले आहेत हे खरं, पण जो माणूस जवस, ज्वारी, भाजीपाला खाते तो बाकीही बऱ्याच गोष्टी नीट करत असते, त्यातून जवसाचा वाटा वेगळा काढणं सोपं नाही. काकू म्हणाल्या, "म्हंजे खायाचं का नाई ते सांग ना बावा सरकं." खा म्हटलं. चटणी म्हणून खा, औषध म्हणून नको.

ज्वारी म्हटल्यावर आठवलं, ज्वारीच्या कोंड्यात फेरुलिक ऍसिड असते, धाग्याला घट्ट बांधलेलं, तेही बॅक्टेरियाच सोडवतात. पण आमच्याकडे ज्वारी पेरते कोण आता, रानडुकरं न पाखरं ठेवत नाहीत, मजूर मिळत नाही, सगळीकडे सोयाबीन न कपाशी न संत्रा. जवसाचंही तेच झालं, पहिले रब्बीत हरभऱ्यात जवसाची तासं दिसायची, निळी फुलं यायची सकाळी, आता बाजारातून पुडी आणावी लागते आणि ती पण कुठून येते देव जाणे. यंदा हरभऱ्यात दोन-चार तासं जवसाची टाकून पहायचा विचार आहे. कोणाच्या घरी गावठी जवसाचं बी राखलेलं असेल, वरुड, मोर्शी, काटोल, इकडे आसपास कुठंही, तर सांगा, मी येऊन घेऊन जातो.